ई-वाचकयंत्र घेण्यापूर्वी

औरंगपुऱ्यातून आणलेल्या पुस्तकाची पाने सुटली, तर आपण डिंक लावतो आणि वाचन पुढे चालू ठेवतो. ई-पुस्तक वाचण्याच्या यंत्राला डिंक लागत नाही. म्हणून शिष्यवृत्तीतून वा सुटीतल्या कमाईतून ते घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थी मित्रांनी जाहिरातीतल्या चकचकाटाआधी दोन प्रश्न विचारावेत. यंत्र किती टिकते? आणि बिघडल्यास दाद कोण देतो?

पडद्यापासून सुरुवात करू. त्याला ई-शाई म्हणतात. अतिसूक्ष्म कुप्यांत काळे व पांढरे विद्युतभारित कण असतात. विद्युतदाबाने हवे ते कण वर येतात आणि अक्षर उमटते. उमटलेले पान तसेच राहण्यास वीज लागत नाही, म्हणून बॅटरी कित्येक दिवस पुरते. परंतु पुष्कळ यंत्रांत पडद्यामागे पातळ काच असते. दप्तरात जेवणाच्या डब्याखाली यंत्र दबले की ती तडकते. वरून ओरखडाही दिसत नाही, आणि अर्धे पान कायमचे गोठते. अशा मोडतोडीला हमी सहसा लागू नसते. दुसरा शत्रू म्हणजे आपल्या मराठवाड्याचा मे महिना. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत लिथियम बॅटरी लवकर जीर्ण होते.

दुरुस्तीच्या बाबतीत कंपन्यांच्या रीती निराळ्या आहेत. किंडलमध्ये हमीच्या काळात दोष निघाला, तर बहुधा यंत्रच बदलून मिळते. कोबोने २०२४ साली आपल्या काही नव्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी आयफिक्सिट या कंपनीचे साहाय्य घेतले. माझ्या मते दुसरी रीत अधिक शहाणपणाची. मात्र ते सुटे भाग आपल्या शहरापर्यंत पोहोचतात का, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

यंत्र टिकले तरी दुकान टिकेल का, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अहमदाबादच्या इन्फिबीमने २०१० मध्ये 'पाय' नावाचे वाचकयंत्र काढले. आज ते बाजारात नाही. फ्लिपकार्टने ई-पुस्तकांची विक्री २०१५ अखेर गुंडाळली व ग्राहकांना कोबोकडे वळविले. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली आपले पुस्तक-दालन बंद केले. पैसे परत दिले, पण पुस्तके गेली. सर्वांत बोलके उदाहरण २००९ चे. विक्रेत्याकडे हक्क नव्हते म्हणून ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून एक पुस्तक दूरवरूनच पुसून टाकले. ते पुस्तक ऑर्वेलचे '१९८४' होते! ॲमेझॉनवर पुष्कळ टीका झाली आणि कंपनीने माफी मागितली. फेब्रुवारी २०२५ पासून तिने विकत घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून घेण्याची सोयही काढून घेतली. आपण पुस्तक विकत घेतो की केवळ वाचण्याची परवानगी, हे यावरून कळावे.

मराठी वाचकांसाठी आणखी एक पाहणे आवश्यक आहे. किंडलवर मराठी पुस्तकांचे दालन २०१६ अखेर सुरू झाले. बुकगंगाची ई-पुस्तके मात्र तिच्या स्वतःच्या वाचन-प्रणालीत वाचावी लागतात. अभ्यासक्रमातले ग्रंथ कोठे मिळतात, ते पाहूनच यंत्र ठरवावे.

आणि फसगत झालीच तर? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, विक्रेता बंगळुरूचा असला तरी, ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर नोंद करून पाहावी. दोन्हीकडे पावती लागते. ती त्या यंत्रातच जपून ठेवू नये, एवढेच.