सर्व्हे नंबर शून्य

‘सार्वजनिक’ हा शब्द आपण कोशातून शिकलो नाही. 1923 साली मुंबईच्या कायदे मंडळात बोले ठराव मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून तळे सर्वांना खुले केले. तरीही 20 मार्च 1927 रोजी त्या तळ्याचे ओंजळभर पाणी घेण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. पुढे प्रतिपक्ष कोर्टात गेला तो तळे सार्वजनिक नाहीच, खाजगी आहे असे म्हणत. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 1937 साल उजाडले. तेव्हा सार्वजनिक म्हणजे कोणाचे, आणि ते ठरविणारा कागद कोणाच्या हातात, ही आपली जुनी चौकशी आहे. या लेखात मी ती वाळवंटापर्यंत नेणार आहे.

निमित्त वर्गातले. पर्यावरणाचा अनिवार्य पेपर शिकवीत असताना एका मुलाने विचारले, “सर, अभयारण्यातून माणसं काढल्याशिवाय जनावरं वाचतील कशी?” मुलगा दगडखाणीवर राबणाऱ्या घरातला. आपल्या बापाविरुद्धचा प्रश्न तो पाठ्यपुस्तकाच्या भाषेत विचारीत होता. त्याला त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हा खटाटोप.

अमेरिकेच्या पश्चिमेला मोहावी नावाचे वाळवंट आहे. तिथली बरीचशी जमीन केंद्र सरकारची, म्हणजे सार्वजनिक. 10 मे 1872 च्या खाण कायद्याने अशा जमिनीवर कोणाही नागरिकाने, किंवा नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेल्याने, जावे, खनिज शोधावे, खुंट ठोकावेत आणि तेवढ्या तुकड्यावर खाणहक्क सांगावा अशी मुभा दिली. रेतीतले सोने धुणाऱ्याला एका दाव्यापोटी वीस एकर मिळत. सरकारला स्वामित्वधन द्यायचे नाही. एकटा, कष्टाळू, स्वतंत्र खाणवाला हा तिथल्या लोककथेचा नायकच आहे. पण ‘नागरिक’ या शब्दापाशी थांबा. त्या वाळवंटाचे मूळ रहिवासी, चेमेहुएवी, शोशोनी वगैरे आदिवासी, यांना सरसकट नागरिकत्व मिळाले 1924 साली. चिनी मजुरांना तर नागरिक होण्याचे दारच बंद होते. ज्यांची भूमी, त्यांना तिच्यात खुंट ठोकण्याचा हक्क नव्हता. आणि तिलाच ‘सार्वजनिक’ म्हणत.

या वाळवंटात एक कासव राहते. आयुष्याचा बहुतेक काळ ते बिळात काढते, आणि अंडी घालण्याच्या वयाला यायला त्याला दहा-पंधरा वर्षे किंवा अधिकही लागतात. एक मोठी मादी गेली तर तिची जागा भरायला पिढी जाते. छोटी खाण म्हणजे एक माणूस आणि एक यंत्र, त्याने काय बिघडते, असे वाटते. पण त्या माणसाला रस्ता लागतो, रस्त्याने गाड्या येतात, बिळे दबतात, उघडे खड्डे तसेच टाकून दिले जातात. असे शेकडो जण असले की ‘छोटी’ हा शब्द फसवा ठरतो. म्हणून 1976 च्या कायद्याने कॅलिफोर्नियातील सुमारे अडीच कोटी एकर वाळवंट संवर्धनक्षेत्र ठरले. पुढच्या नियमांनी, एरवी पाच एकरांपर्यंतच्या कामाला नुसती सूचना पुरत असली तरी, जपणुकीच्या भागात पूर्ण आराखडा मंजूर करून घेणे आवश्यक केले. 1990 साली कासव संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेले, आणि 1994 च्या कायद्याने मोठे प्रदेश नव्या दाव्यांना बंद झाले.

बंद झाले, पण आधीचे वैध हक्क राखून. तिथे बंदी येण्यापूर्वीच हक्क अस्तित्वात होता. बंदीला त्याच्याशी हिशोब करावा लागला. अर्थात हा हिशोब सरळ नाही. 1976 च्याच कायद्याने प्रत्येक दाव्याची दरवर्षी ‘31 डिसेंबरपूर्वी’ नोंद करायला सांगितले. नेव्हाडातील एका कुटुंबाने 1980 ची नोंद 31 डिसेंबरलाच केली. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ‘पूर्वी’ म्हणजे पूर्वीच. एका दिवसाने दावे गेले. हा बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती थरगुड मार्शल होते. वकील म्हणून ज्यांनी काळ्या मुलांसाठी शाळांची दारे उघडविली, तेच हे मार्शल. मी त्यांना दोष देत नाही. कागदाचा कायदा एकदा लिहिला गेला की भला माणूसही त्याला बांधला जातो, एवढेच मला दिसते.

आता आपल्या शेजारी येऊ. गुजरातमध्ये कच्छचे छोटे रण आहे. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाते, दसऱ्याच्या सुमारास सुकू लागते आणि मग तिथे अगरिया कुटुंबे उतरतात. जमिनीखालचे खारे पाणी उपसायचे, ते वाफ्यावाफ्यांतून फिरवून घट्ट करायचे आणि लाकडी दाताळ्याने महिनोन्‌महिने ओढत त्याचे खडे जमवायचे. या कामाला शेती म्हणावे की खाणकाम, याचा निर्णय कोणी केलेला नाही. ते स्वतः ‘मीठ पिकवतो’ म्हणतात. राज्यघटनेत मीठ केंद्राच्या सूचीत आहे, जमीन राज्याच्या महसुलाची आहे, वर अभयारण्य म्हणून वनखात्याचा ताबा. हे लोक बहुतांशी चुंवाळिया कोळी, संधी, मियाणा. तिन्ही नावे गुजरातच्या विमुक्त जातींच्या यादीत सापडतील. वाचकांना यापुढे अधिक सांगण्याची गरज नाही. (अगरियांचे पाय मिठाने इतके कडक होतात की चितेतही जळत नाहीत, असे तिथे सांगतात. पत्रकारांना हे वाक्य फार आवडते. जिवंतपणी त्या पायाखाली कोणाची जमीन असते, हे मात्र कोणी लिहीत नाही.)

त्याच रणात घुडखर, म्हणजे रानगाढव, राहते. एके काळी रोगराईने ते संपत आले होते; 1969 च्या मोजणीत 362 उरले. 1973 साली सुमारे 4,954 चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. 2024 च्या मोजणीत घुडखरांची संख्या 7,672 भरली. या सगळ्या काळात मिठाचे काम चालूच होते. यावरून मीठ निरुपद्रवी आहे असे मात्र सिद्ध होत नाही, आणि आपल्यातील काही मित्र ‘जनावरांचे प्रेम हे वरच्यांचे चोचले’ म्हणून विषय उडवून लावतात ते मला मान्य नाही. रणात गवत असते ते उंचवट्यांवर. त्यांना तिथेही ‘बेट’च म्हणतात. बेटाला खेटून वाफे आले, ट्रकांची रांग लागली, तर गाढवाने जावे कुठे? तिथे मर्यादा हवीच. प्रश्न आहे तो मर्यादा घालण्याआधी कोणाला विचारले याचा.

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 सांगतो की अभयारण्याची अधिसूचना निघाल्यावर कलेक्टरने आजूबाजूच्या गावांतून स्थानिक भाषेत जाहीरनामा काढावा, आणि हक्क सांगणाऱ्याने दोन महिन्यांत लेखी दावा द्यावा. रणाच्या बाबतीत हे काम 1997 मध्ये, म्हणजे घोषणेनंतर चोवीस वर्षांनी हाती घेतले गेले. जाहीरनामा गावात लागतो, आणि अगरिया वर्षाचे आठ महिने गावात नसतो. शिवाय दावा कशाचा करायचा? छोट्या रणाची मोजणीच कधी झालेली नाही; सरकारी बोलीत ती जमीन ‘सर्व्हे नंबर शून्य’. 1948 पासून दहा एकरांपर्यंत मीठ पिकवायला परवाना लागत नाही, ही त्या वेळी गरिबांसाठी केलेली सोय; पण परवाना नाही म्हणजे परवान्याचा कागदही नाही. विहीर खणावी तर ती दर पावसाळ्यात ढासळते, झोपडी उठते, वाफे विरघळतात. वनहक्क कायद्याचे नियम विहिरी, घरे, दफनभूमी, वडीलधाऱ्यांची जबानी हे पुरावे मानतात. पण ते बिगरआदिवासींकडून तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य मागतात, आणि रण दरसाल सगळे पुसून टाकते. सर्वेक्षणाच्या यादीत बहुसंख्यांची नावे आली नाहीत. 2023 च्या हंगामापूर्वी वनखात्याने यादीबाहेरच्यांना रणात उतरू न देण्याची भूमिका घेतली. ओरड झाली, मग सरकारने दहा एकरांपर्यंतच्या पारंपरिक अगरियांना उतरू दिले. ही सवलत आहे. सवलत देणारा ती पुढच्या दसऱ्याला काढूनही घेऊ शकतो.

कायद्यात वाट नाही असे नाही. अभयारण्यातील एखादा हक्क मुख्य वन्यजीव रक्षकाच्या सल्ल्याने चालू ठेवण्याचा अधिकार त्याच कायद्याने कलेक्टरला दिला आहे. दावे घ्यायचे तर ते हंगामात, रणात बसून घ्यावे लागतील. शेजारच्या वाफेवाल्याची जबानी, व्यापाऱ्याची उचल-वही, मीठ भरल्याच्या पावत्या पुरावा म्हणून मानाव्या लागतील. मग कुठल्या बेटाजवळ वाफे नकोत, ट्रकांनी कुठल्या वाटेने जावे, हे त्याच माणसांबरोबर ठरविता येईल. घुडखर कुठल्या महिन्यात कुठे पाणी पितो हे त्यांना वनरक्षकाइतकेच ठाऊक असते.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी खाराघोड्याच्या बाजूने रणात गेलो होतो. एका वयस्क अगरियाने प्लास्टिकच्या पिशवीतून आपले ओळखपत्र काढून दाखविले. तो मीठकामगार आहे हे त्यावर लिहिले होते. कुठल्या जागेवरचा, ते नव्हते. मी त्याला माझ्या घरची गोष्ट सांगितली. माझ्या आजाने गावच्या गायरानात चार एकर तुकडा वहिवाटला. तलाठ्याने त्याचे नाव अतिक्रमणाच्या नोंदवहीत, गाव नमुना एक-ई मध्ये चढविले आणि दंड केला. आजाने तो शिव्या देत भरला, पण पावती लोखंडी पेटीत जपून ठेवली. पुढे 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणे कायम करण्याचा निर्णय आला तेव्हा वडिलांच्या हाती पुरावा म्हणून होती ती एवढीच, गुन्ह्याची पावती. तिच्यावर जमीन आमच्या नावे झाली, आणि त्या जमिनीवर मी शिकलो.

म्हाताऱ्याने सगळे ऐकून घेतले. मग मोडक्या हिंदीत विचारले, “साहेब, तो दंड भरायला कुठे जायचं असतं?”