पूररेषेच्या आत घर?

सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडीजवळ निम्न दुधना धरण आहे. दुधना पुढे पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला मिळते. नदीकाठी घर बांधण्याआधी जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषा पाहाव्या लागतात. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. धरणाखालच्या पट्ट्यात लाल रेषा ठरवताना सांडव्यातून सुटणारे पाणीही धरतात. म्हणून ऐन पावसाळ्यात दरवाजे उघडणाऱ्या धरणाखाली ही रेषा अधिक महत्त्वाची.

डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार पात्र ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा आहे. तिथे बाग, मैदान असे मोकळे वापरच चालतात. निळ्या-लाल रेषांमधला पट्टा नियंत्रित असून तिथे जोत्याची उंची लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर जास्त लागते.

केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांनाच लागते. साधे घर त्यात येत नाही, त्यामुळे स्थानिक बांधकाम परवानगीची छाननी हाच खरा आधार. प्लॉटचा इसार देण्यापूर्वी पूररेषेचा नकाशा जरूर पाहावा.