मैत्रिणीकडे साइट उघडते, तुमच्याकडे नाही. सर्व्हर चालू असतानाही असं का होतं?

दहावी-बारावीच्या निकालाची दुपार आठवा. मैत्रिणीच्या मोबाइलवर मार्क दिसतात आणि तुमच्याकडे नुसतं चक्र फिरत राहतं. चार वेळा रिफ्रेश केलं की एकदा पान उघडतं. लगेच ग्रुपवर मेसेज पडतो, "सर्व्हर डाऊन आहे." पण बंद पडलेला सर्व्हर सगळ्यांनाच बंद दिसायला हवा ना?

असं अधूनमधून तुटणारं नेटवर्क अनेक कारणांनी होतं. कधी केबल सैल असते, कधी दोन मशीनना एकच आयपी पत्ता दिलेला असतो. एक कारण मात्र भल्याभल्या इंजिनिअरना चकवतं. ते म्हणजे भरलेलं रजिस्टर.

रजिस्टर कसलं?

जगातले बहुतेक वेब सर्व्हर लिनक्सवर चालतात. लिनक्सच्या फायरवॉलमध्ये कनेक्शन ट्रॅकिंग नावाची सोय असते. सोसायटीच्या गेटवर वॉचमन जशी वहीत नोंद करतो, तशीच ही येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कनेक्शनची नोंद ठेवते. या वहीची पानं ठरलेली असतात. अनेक सर्व्हरवर ६५,५३६ किंवा २,६२,१४४ नोंदी मावतात.

आकडा मोठा वाटतो, पण गंमत पुढे आहे. कनेक्शन नीट बंद झालं तरी त्याची नोंद साधारण दोन मिनिटं वहीत राहते. म्हणजे सेकंदाला साडेपाचशे नवी कनेक्शन येत राहिली, तरी दोन मिनिटांत लहान वही भरते. आणि दोन्हीपैकी कुणीच कनेक्शन बंद केलं नाही, तर मूळ सेटिंगप्रमाणे ती नोंद ४,३२,००० सेकंद, म्हणजे तब्बल ५ दिवस जागा अडवून बसते!

वही भरली की नवा पाहुणा गेटवरूनच परत जातो, तोही काहीही न सांगता. जुनी नोंद पुसली जाऊन जागा झाली, त्याच क्षणी तुमचा नंबर लागला तर तुम्ही आत. तुमच्या रिफ्रेशला मधूनच यश येतं ते यामुळे.

मग इंजिनिअरला कळत कसं नाही?

कारण तो आधीच आत असतो. त्याच्या कनेक्शनची नोंद वहीत आहे, त्यामुळे त्याचं काम सुरळीत चालतं. प्रोसेसर निवांत, मेमरी मोकळी. "माझ्याकडे तर चालतंय" हे तो अगदी खरं सांगत असतो. त्यात सर्व्हर रीस्टार्ट केला की वही कोरी होते, तक्रारी थांबतात आणि गर्दी वाढली की पुन्हा सुरू होतात. खरं कारण झाकण्यात रीस्टार्टइतका पटाईत उपाय दुसरा नाही.

उत्तर मात्र सर्व्हरच्याच लॉगमध्ये लिहिलेलं असतं. डीमेसेज ही कमांड दिली की 'टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट' अशा ओळी दिसतात. चालू नोंदींचा आकडा मर्यादेला टेकलेला दिसला की शंका उरत नाही.

उपाय फार खर्चिक नाहीत. मर्यादा वाढवता येते; एका नोंदीला काहीशे बाइटच मेमरी लागते. ५ दिवसांची मुदत काही तासांवर आणता येते. साध्या वेब ट्रॅफिकची नोंद ठेवणं बंदही करता येतं, फक्त सर्व्हर पत्ते बदलून ट्रॅफिक आतल्या मशीनकडे वळवत असेल तर हा उपाय करू नये, कारण ते काम याच वहीच्या भरवशावर चालतं.