काटा भरलेला, ब्रेक मात्र नाही

बातमीत ‘ब्रेक निकामी’ एवढंच छापून येतं. ट्रकचं नेमकं काय निकामी होतं ते पाहून या, असं संपादकांनी सांगितलं. मी गोव्यातलं साखळी शहर निवडलं. डिचोली तालुक्यातलं लोहखनिज वर्षानुवर्षं टिपरांनी मांडवीकाठच्या जेटींवर गेलं ते याच भागातून, आणि चोर्ला घाटाची वाटही इथूनच आहे.

जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये आगगाडीसाठी हवेचा ब्रेक काढला. पुढे १८७२ मध्ये त्याने रचना उलटवली: नळीतली हवा घटली की ब्रेक लागावा. आजच्या ट्रकचा हँडब्रेकही असाच. दाबलेली हवा एका जबर स्प्रिंगला मागे रेटून धरते; हवा गेली की स्प्रिंग चाकं जखडते. म्हणजे हवा पार गळाली तर गाडी जागीच अडून बसायला हवी. मग उतारावर सुटते कशी?

याचं उत्तर मला एका मिस्त्रींनी गाडीखाली झोपून दाखवलं. चाकांना दगड लावले, हँडब्रेक सोडला, हवेच्या दाबाचा काटा आठावर आणून इंजिन बंद केलं. ब्रेक चेंबरमधून निघणाऱ्या दांड्यावर खडूची खूण केली आणि पोराला पेडल दाबायला लावलं. दांडा किती बाहेर आला, ते पट्टीने मोजलं. सगळं मर्म या धावेत आहे. दांडा स्लॅक ॲडजस्टरला ढकलतो, तो कॅम फिरवतो, कॅम लायनर ड्रमवर दाबतो. लायनर झिजला की धाव वाढते. लांब उतारावर ड्रम तापून फुगतो, अंतर आणखी वाढतं. शेवटी दांड्याची धाव चेंबरमध्येच संपते आणि लायनरवर जोर पोचत नाही. काटा तरीही भरलेलाच असतो. हे कळल्यापासून पुढून येणारा भरलेला टिपर मी वेगळ्या नजरेने पाहतो.

झीज आपोआप भरून काढणारे ॲडजस्टर आता आले आहेत. ते सैल पडले की पाना घालून हाताने आवळायची सवय मात्र गेलेली नाही. मिस्त्रींना तिचा राग येतो. आवळल्यावर गाडी त्या दिवशी थांबते. घासलेला बुश, झिजलेली पिन किंवा बिघडलेला ॲडजस्टर तसाच राहतो. गळती शोधणं त्यामानाने सोपं, सांध्यांना साबणाचं पाणी लावलं की फुगे येतात.

पावसाळ्यात कॉम्प्रेसर दमट हवा ओढतो. ड्रायर थकला असेल तर हवेच्या टाकीत पाणी साचतं, त्यात तेल मिसळून व्हॉल्व्ह चिकटतात. टाकीची तोटी रोज सोडायची, हा इथला जुना नियम.

पण खाणबंदीने गाड्याच उभ्या राहिल्या. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा. उभ्या गाडीत टाकी आतून गंजते, रबराचे डायाफ्राम कडक होतात, लायनर ड्रमला धरतात. २०२४ मध्ये डिचोलीत खाणकाम परत सुरू झालं. अशी गाडी रस्त्यावर आणायची तर नुसती हवा भरून भागत नाही. गंजाचे कण व्हॉल्व्हपर्यंत पोचलेले असतात. नळ्या, चेंबर सगळं उघडावं लागतं. त्यातही स्प्रिंगचा चेंबर स्प्रिंग आवळून धरणारा बोल्ट न घालता खोलला तर आतली स्प्रिंग माणसाचा जीव घेऊ शकते. मिस्त्री शिकाऊ पोरांना त्याला हात लावू देत नाहीत.

खडू आणि पट्टीची ती तपासणी सगळ्या चाकांना करायला दोन माणसं लागतात आणि सकाळचा बराच वेळ जातो. भाडं खेपेवर मिळतं. त्या वेळेत दुसरा टिपर एक खेप करून आलेला असतो, आणि मालकाला हिशेब त्या खेपेचा द्यावा लागतो.