पेण-रोह्याच्या ताटातला वजनाचा हिशेब

बीएमआय: किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. भारतीयांसाठी २३ पासून जादा वजन, २५ पासून स्थूलता. जागतिक निकष २५ आणि ३०.

कंबर: पुरुष ९० सेंमी, स्त्रिया ८० सेंमीपर्यंत. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजावी.

भात-भाकरी: इथे दोन्ही तांदळाचीच, भाताऐवजी भाकरी घेतल्याने तांदूळ सुटत नाही. १०० ग्रॅम कच्चा तांदूळ म्हणजे सुमारे ३५० कॅलरी.

पोह्याचा पापड: पेणची ओळख. भाजला तर तेल जवळपास नाहीच, तळला तर भरपूर. ५ ग्रॅम तेल म्हणजे ४५ कॅलरी. (लाट्या कच्च्या तेलात बुडवून खाणाऱ्यांनी हिशेब स्वतः करावा.) मीठ मात्र दोन्हींत तेवढेच, दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत.

पोपटी: थंडीतला बेत. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, मीठ. मडके पालथे, भोवती जाळ. पाणी नाही, तेलही नाही.

चालणे: आठवड्याला किमान १५० मिनिटे. वेग असा, की बोलता यावे पण गाता येऊ नये.

उतार: आठवड्याला अर्धा ते एक किलो.