शिष्यवृत्तीचे कागद

गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड हे तालुक्याचे गाव पर्लकोटा नदीच्या काठी वसले आहे. नदीला पूर येऊन गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटल्याचे प्रसंग कित्येक पावसाळ्यांत आले आहेत. आणि महाविद्यालयांचे प्रवेश होतात तेही नेमके पावसाळ्यातच!

दहावीनंतरच्या शिक्षणासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळते. १९४४ साली ती अनुसूचित जातींसाठी सुरू झाली. पुढे आदिवासी विद्यार्थ्यांनाही मिळू लागली. आता तिचा अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरतात. अर्ज भरणे हे थोड्या वेळाचे काम. खरे श्रम त्यापूर्वीचे.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात. तो वेळोवेळी नवा काढावा लागतो. जातीचा दाखला एकदाच निघतो, परंतु त्यास जुना पुरावा हवा. आदिवासी कुटुंबाला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आधार दाखवावा लागतो. आजोबा किंवा पणजोबा शाळेत गेले असतील, तर शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात त्यांची नोंद सापडते. ती पिवळी पडलेली वही कोणी रद्दी समजू नये. ते शाळेत गेलेच नसतील, आणि दुर्गम गावांत असेच फार, तर जमिनीचे जुने कागद शोधावे लागतात. एका कागदावर ‘मडावी’ आणि दुसऱ्यावर ‘मडावे’ असे आडनाव असले, तरी काम अडते.

मे महिन्यात तेंदूपाने तोडण्यासाठी घरची मंडळी पहाटेच जंगलात जातात. तेव्हा तहसील कचेरीची फेरी एप्रिलातच उरकावी.