ईयोबाचा सवाल आणि आरेचं रान

आरे कॉलनीत अंधार पडला की बिबट्या फिरतो. वारली पाड्यांवर वाघोबाची पूजा होते. याच रानाच्या दक्षिणेला, सीप्झ औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाआड, येशूसंघी धर्मगुरूंनी 1579 मध्ये उभारलेल्या संत जॉन द बॅप्टिस्ट चर्चच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत. बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक वाचायला मुंबईत याहून योग्य जागा मला सुचत नाही.

माणूस माणसावर अन्याय करतो तेव्हा देव काय करत असतो? ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न बाहेरच्या कुणी विचारावा लागत नाही. तो त्याच्या धर्मग्रंथातच आहे, तोही देवाला तोंडावर विचारलेला. मला याचंच नवल वाटत आलं आहे.

ईयोब सज्जन, श्रीमंत, देवभीरू. एका दिवसात चार निरोप येतात आणि त्याचं सारं जातं. आग पडते, वादळात घर कोसळून मुलं मरतात. पण उरलेले दोन निरोप माणसांच्या करणीचे आहेत. शबाई लोक बैल आणि गाढवं पळवतात, खास्दी टोळ्या उंट नेतात, आणि दोन्ही वेळा चाकरांची कत्तल होते. म्हणजे निसर्गाचा घाव आणि माणसाचा दुष्टपणा एकाच माणसाच्या उंबऱ्यावर एकदम येऊन उभे राहतात.

मग तीन मित्र सांत्वनाला येतात. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याशेजारी जमिनीवर नुसते बसून राहतात. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम हेच. तोंड उघडल्यावर मात्र ते कारणं सांगू लागतात: तुझं काही पाप असणार, देव उगाच कुणाला शिक्षा करत नाही. ईयोब चिडतो, देवाला जाब विचारतो, कोर्टात खेचल्यासारखा बोलतो. तोडलेल्या झाडालासुद्धा पाण्याच्या ओलाव्याने पुन्हा कोंब फुटायची आशा असते, माणसाला कुठली, असं तो म्हणतो. ऑक्टोबर 2019 मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली दोन हजारांवर झाडं तोडली गेली, त्यातलं बरंचसं काम रातोरात झालं. तेव्हापासून हा भाग वाचताना मी थांबतो.

शेवटी देव वादळातून बोलतो, आणि एकही कारण देत नाही. उलट प्रश्न विचारत ईयोबाला रान दाखवतो: भुकेली सिंहीण, कावळ्याची पिल्लं, डोंगरात विणारी रानबकरी, कुणाच्या दावणीला न बांधलेलं रानगाढव, कड्यावरचा गरुड. माणसाच्या मालकीचं नसलेलं, माणसाच्या उपयोगाचं नसलेलं जग, आणि त्याचीही काळजी वाहणारा देव. ईयोबाच्या ‘का’ला उत्तर मिळत नाही, पण ज्याला विचारलं तो समोर येतो. त्याहून मोठा धक्का अखेरच्या अध्यायात आहे. देव रागावतो तो मित्रांवर, देवाची वकिली करणाऱ्यांवर! माझ्याविषयी योग्य बोलला तो ईयोबच, असा निवाडा होतो.

म्हणजे देवाजवळ केलेली तक्रार ही अश्रद्धा नव्हे, श्रद्धेचाच एक प्रकार आहे. बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांतली कितीतरी विलापाची आहेत. अठ्ठ्याऐंशीवं तर काळोखातच संपतं, आणि तरीही ते प्रार्थना म्हणून म्हटलं जातं. क्रूसावर येशूच्या तोंडी आलेला आक्रोश बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ आहे. ख्रिस्ती माणसाचा देव इथे अन्याय सोसणाऱ्यांच्या बाजूला, खिळे ठोकून घेतलेला दिसतो.

हे सारं सोप्या मराठीत आणलं पंडिता रमाबाईंनी. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात गेलेली, लग्नानंतर दोन वर्षांतच पती गेलेला. 1896-97च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुली आणि बालविधवा केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणल्या, कारण भुकेइतकीच भीती त्या पोरींवर टपलेल्या माणसांची होती. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल मराठीत केलं. 1921 मध्ये लेक मनोरमाही गेली, 1922 मध्ये त्या स्वतः. ग्रंथ 1924 मध्ये निघाला. ईयोबाचं मराठी लिहिताना त्यांना काही कल्पावं लागलं असेल असं मला वाटत नाही.

आणि आपल्याच उपनगरातली अलीकडची गोष्ट. झारखंडच्या आदिवासींसाठी हयात घालवलेले येशूसंघी फादर स्टॅन स्वामी यांना वयाच्या 83व्या वर्षी, 8 ऑक्टोबर 2020ला एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली. आरोप त्यांनी नाकारले. पार्किन्सनमुळे पेला हातात धरवत नसे, म्हणून सिपर आणि स्ट्रॉसाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. तळोजा तुरुंगातून त्यांनी पत्रांत लिहिलं ते बरोबरच्या गरीब कच्च्या कैद्यांविषयी, आणि आपल्याला भरवणाऱ्या, आंघोळ घालणाऱ्या सोबत्यांविषयी. देव हे का होऊ देतो याचं उत्तर मला त्यांच्या आयुष्यातही सापडत नाही. पण विश्वास ठेवणं म्हणजे काय असतं, ते त्या पत्रांत सापडतं. 5 जुलै 2021 रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ते वारले. तेव्हा त्यांच्यावरचा खटला सुरूही झालेला नव्हता.